प्रश्न तुमचे : "आम्हाला कोणी सांगितलंच नाही"

(नंदुरबार जिल्ह्यातल्या एका ग्रामीण ख्रिस्ती मंडळीचे, म्हणजे चर्चचे, पाळक या सदरात वाचकांच्या पत्रांना उत्तरं देतात.)

मागच्या अंकात मी आमच्या मंडळीच्या कारभारात झालेले फेरबदल कळवले होते. तो अंक ज्यांच्या हाती पडला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कमिटीची बैठक झाली की पुढच्या रविवारी, आशीर्वादाच्या आधी, तिथं काय ठरलं ते मराठीत वाचलं जातं आणि लगेच एक वडील (मंडळीनं निवडलेले पुढारी) तेच मावचीत, म्हणजे इकडच्या आदिवासी बोलीत, सांगतात. तोच कागद दाराशेजारच्या फळ्यावर लागतो. चेकवर पाळकाची सही नसते. अर्पण मोजायला एका घरातले दोघे बसत नाहीत. वडिलांची मुदत तीन वर्षांची, आणि लागोपाठ दोन मुदती झाल्या की एक मुदत विश्रांती. मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आता फक्त सेक्रेटरी आणि मी लिहितो, बाकीच्यांनी वाचायचं.

एवढ्याशा मजकुरावर संपादकांनी पत्रांचा गठ्ठाच पाठवला. नाताळावर लिहिलं तेव्हा कोणाला लिहावंसं वाटलं नाही, आणि अर्पणाच्या थैलीचं नाव काढलं तर सगळे जागे झाले! असो. काही पत्रं इथं घेतो. नाव कोणाचंच छापत नाही, तालुका पुरे.

"पाळकसाहेब, सलाम. आमच्या देवालयाचे (चर्चच्या इमारतीचे) जुने पत्रे काढून स्लॅब टाकायचं कमिटीनं ठरवलं. मला ते आठवडे बाजारात मिरची घेताना कळलं, तेही दुसऱ्या मंडळीतल्या बाईकडून. स्लॅबला माझा विरोध नाही. मी पाच हजार देणारही होते. आता हात आखडतो. माझं चुकतं का?" — एक बहीण, नवापूर तालुका

ताई, सलाम. हे मला लिहिण्याआधी तुमच्या सेक्रेटरीला विचारलं असतं तर बरं झालं असतं, एवढंच. बाकी राग रास्त आहे.

स्लॅबवरून भांडलेली मंडळी माझ्या पाहण्यात नाही. भांडण लागतं ते 'आम्हाला का नाही सांगितलं' यावरून. कमिटीत सात माणसं. रात्री बैठक उठते, सातही जण घरी जाऊन जेवताना बोलतात. मग सकाळी हापशावर, दुपारी गिरणीत, आणि बाजाराचा दिवस उजाडेपर्यंत चार लाखांचा स्लॅब बारा लाखांचा झालेला असतो, वर पाळकाला एक खोलीही निघत असते. कमिटी मात्र गप्प. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "पक्कं झालं की सांगू." गोम इथंच आहे. तुमचं पक्कं होईपर्यंत बाजार थांबत नाही.

म्हणून अर्धवट ठरलेलं असेल तर अर्धवट ठरलंय असंच सांगावं. आमच्या देवालयाचा एक कोपरा गळतो. तो विषय निघाला तेव्हा पहिल्याच रविवारी कागद असा वाचला: पत्रे बदलायचे की तेवढा कोपरा दुरुस्त करायचा हे अजून ठरलेलं नाही, दोन मिस्त्रींकडून अंदाजपत्रक मागवलं आहे, पुढची बैठक अमुक तारखेला, तोवर कोणी कोणाकडे वर्गणी देऊ नये. यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात कामाचं. ते नसतं तर दोन उत्साही भाऊ पावतीपुस्तकाशिवायच पाड्यापाड्यानं फिरले असते.

हा माझ्या डोक्यातून निघालेला प्रकार नाही. प्रेषितांची कृत्ये, अध्याय १५ काढा. सुंतेच्या प्रश्नावर यरुशलेमात प्रेषितांची आणि वडिलांची बैठक बसली, पुष्कळ वाद झाला, शेवटी ठरलं. पुढे त्यांनी काय केलं ते बघण्यासारखं आहे. पत्र लिहिलं. त्यात सुरुवातीलाच सांगून टाकलं की, आमच्यातल्या काही जणांनी आम्ही सांगितलेलं नसताना तुमच्याकडे येऊन तुम्हाला घोळात टाकल्याचं आमच्या कानावर आलंय. म्हणजे अफवा तेव्हाही होती, आणि त्यांनी ती झाकली नाही, खोडली. नुसतं पत्र धाडून मोकळेही झाले नाहीत. तोंडी सांगायला यहूदा आणि सीला यांना बरोबर दिलं. आणि जिथं वाद उठला होता त्या अंत्युखियात पोचल्यावर ते पत्र चार पुढाऱ्यांच्या हातात न देता सगळी मंडळी जमवून दिलं. आपल्याकडे ठराव इतिवृत्ताच्या वहीत जातो आणि वही सेक्रेटरीच्या कपाटात.

तोंडी सांगण्याचा आग्रह मी जरा जास्त धरतो. तुमचं नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. तिथं गाडीची घोषणा मराठी, गुजराती, हिंदी, इंग्रजी अशी चार भाषांत होते, कारण फलाटावर कोण उभं आहे ते रेल्वेला ठाऊक आहे. आमच्या बाकांवर मावची बोलणाऱ्या आज्या बसतात, धुळ्याकडून आलेल्या अहिराणी बोलणाऱ्या सुना बसतात, आणि कागद निघतो तहसीलच्या नोटिशीसारखा: 'सदर ठराव सर्वानुमते संमत.' आमचे वडील मावचीत सांगताना कागद खिशात घालतात. पहिल्याच वेळी मागच्या बाकावरून एका आजीनं विचारलं, पैसे कोण देणार? त्याआधी मराठीत वाचून झालं तेव्हा सगळे "आमेन" म्हणून मोकळे झाले होते.

तुमचे पाच हजार जरूर द्या. आधी अंदाजपत्रकाची प्रत मागा. आणि ती देणगी देणाऱ्यालाच नाही तर मागेल त्या सभासदाला मिळावी, हेही त्यांना सांगा.

"मी रेल्वेतून निवृत्त. आमच्या मंडळीच्या ग्रुपवर सकाळी फुलं आणि सूर्योदय, दुपारी भांडण. हार्मोनियमवर कोणी बसायचं यावरून दोन घरांत जुंपली. एक घर ग्रुप सोडून गेलं, आता उपासनेलाही येत नाही. ग्रुप बंदच करा असं पाळकांना सांगू का?" — एक वडीलधारे, भुसावळ

काका, बंद नका करू. मयताची बातमी कळवायला दुसरं साधन राहिलेलं नाही. तुमच्या भुसावळच्या मे महिन्यात सकाळी गेलेल्या माणसाला संध्याकाळी दफनभूमीत न्यावं लागतं, आणि नातेवाईक इटारसीपासून मनमाडपर्यंत पसरलेले. पूर्वी एक पोरगा सायकलवर घरोघर जायचा. तो पोरगा आता पुण्याला आहे.

ग्रुपच्या सेटिंगमध्ये 'फक्त अ‍ॅडमिन' करून घ्या. तिथं चारच गोष्टी येऊ द्या: उपासनेची वेळ, मयत, बैठकीचा कागद, आणि एखादा कार्यक्रम पुढे ढकलला तर ते. फुलं-सूर्योदयासाठी तरुणांनी वेगळा ग्रुप काढावा. त्याला मंडळीचं नाव देऊ नये म्हणजे झालं.

हे आम्ही केलं तेव्हा पहिली तक्रार अपेक्षित तीच आली: "पाळकांनी आमची तोंडं बंद केली." त्यात तथ्य आहे. ग्रुपवरचं बोलणं थांबवायचं तर बोलायला दुसरी जागा द्यावी लागते. महिन्याच्या पहिल्या रविवारी उपासनेनंतर आम्ही खुर्च्या गोल लावतो, चहा होतो आणि ज्याला जे विचारायचं ते विचारतो. ज्याचं उत्तर जागेवर देता येत नाही, ते प्रश्नासकट पुढच्या कागदावर येतं. एखाद्या महिन्यात सगळा वेळ पंख्यावर जातो, पंखा बायकांच्या बाजूला का नाही म्हणून. जाऊ द्या. पंख्याचं बोलायची सवय लागली की हिशेबाचंही बोलता येतं.

ग्रुपवरच्या प्रार्थना-विनंत्यांबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, तरी लिहितो, कारण नुकसान तिथं जास्त होतं. एका मंडळीत एका बहिणीच्या ऑपरेशनसाठी प्रार्थना करा म्हणून संदेश पडला. कुठलं ऑपरेशन, कुठल्या दवाखान्यात, डॉक्टर काय म्हणाले, सगळं त्यात. तिनं ते फक्त एका मैत्रिणीला सांगितलं होतं. संध्याकाळपर्यंत संदेश तिच्या मुलीच्या होणाऱ्या सासरी पोचला. प्रेमापोटी झालेलं काम, आणि ती बहीण महिनाभर घराबाहेर पडली नाही. आमच्याकडे आता आजारी माणसाला स्वतःला विचारल्याशिवाय, म्हणजे मुलाला किंवा जावेला विचारून नाही, काही टाकत नाहीत. आजाराचं नाव तर लिहीतच नाहीत. प्रार्थना ऐकणाऱ्याला ते माहीत असतं. उत्सुकता आपल्यालाच असते.

राहिलं ते हार्मोनियमवालं घर. नीतिसूत्रे १८:१७ मध्ये म्हटलंय की पहिल्यांदा बोलणारा खरा वाटतो, दुसरा येऊन त्याला तपासून बघेपर्यंत. ग्रुपवर तपासायला सवड कोणाला असते? सगळे अंगठा दाखवून पुढे. त्या घराला ग्रुपमध्ये परत घेऊ नका. तुम्ही त्यांच्या घरी जा. पाळकाला पाठवलं तर निवाडा करायला आले असं वाटतं. तुम्ही गेलात तर चहा होईल.

"मी महिला मंडळाची खजिनदार. दळण काढताना बायका मूठभर ज्वारी बाजूला ठेवतात, ती विकून आम्ही पैसे जमवतो. कमिटी म्हणते, हे पैसे मंडळीच्या खात्यात भरा. आम्ही का भरावे?" — एक बहीण, शहादा

ताई, भरा, आणि खर्चाचा अधिकार मात्र सोडू नका. दोन्ही जमतं. मंडळीच्या हिशेबात 'महिला मंडळ निधी' असं वेगळं खातं पाडून घ्या आणि कमिटीच्या इतिवृत्तात ठराव लिहून घ्या की महिला मंडळाच्या बैठकीत ठरल्याशिवाय त्यातला रुपया हलणार नाही. ठरावाची प्रत तुमच्याकडे ठेवा. डब्यातले पैसे सुरक्षित असतात ते तुम्ही आहात तोवर. उद्या तुम्ही लेकीकडे सुरतेला गेलात तर सुनेला काय कळणार, यातले घरचे किती आणि मंडळाचे किती? शिवाय नोंदलेल्या ट्रस्टला हिशेब ३१ मार्चला बंद करून तपासून घ्यावे लागतात. डब्याबाहेर न आलेला पैसा हिशेब तपासनिसाला दिसत नाही, आणि न दिसलेल्या पैशावर लोक वाटेल ते बोलतात.

मोजण्याबद्दलही बऱ्याच जणांनी विचारलंय, ते इथंच सांगतो. उपासना संपली की थैल्या आतल्या खोलीतल्या टेबलावर येतात. खोलीचं दार उघडं. तिघे बसतात, तीन घरांचे. मी तिथं नसतो. मी बाहेर लोकांचे सलाम घेत असतो. नाणी दहा-दहाच्या चवडीत, फाटक्या नोटा वेगळ्या, पाकिटावर नाव असलं तर दशमांशाच्या (उत्पन्नाचा दहावा भाग देतात त्याच्या) वहीत नोंद. एकूण आकडा कागदावर, खाली तीन सह्या. पुढच्या रविवारी तो आकडा वाचला जातो. नावं वाचली जात नाहीत.

नोटा-नाण्यांत गडबड कमीच होते. खरी गळती होते ती जिनसांत. आमच्याकडे लोक अंडी आणतात, डांगर आणतात, मक्याची कणसं, कधी गावठी कोंबडा. उपासनेनंतर लिलाव होतो. बोली जोरात चढते, प्रभूचं काम म्हणून तीनशेचा कोंबडा सहाशेला जातो, टाळ्या पडतात. आणि मग? कोंबडा रविवारी खाल्ला, पैसे पोळ्याला! उधारीची एक वहीच तयार झाली होती. कमिटीनं ठरवलं, लिलाव रोखीचा. पैसे हातात नसतील तर कोंबडा पुढच्या बोलीला. आता बोली साडेतीनशेच्या वर जात नाही, पण ते साडेतीनशे येतात.

याला अविश्वास म्हणणारे भेटतात. त्यांना मी करिंथकरांस दुसरं पत्र, अध्याय ८ दाखवतो. यरुशलेमच्या गरिबांसाठी गोळा केलेली रक्कम न्यायची तर प्रेषित पौलानं आपला सहकारी तीत याच्याबरोबर मंडळ्यांनी निवडलेला एक भाऊ घेतला, आणि कारणही लिहिलं: एवढ्या मोठ्या रकमेच्या कारभारात कोणी दोष काढू नये म्हणून, आणि जे योग्य ते प्रभूपुढेच नाही तर माणसांपुढेही असावं म्हणून.

त्याच हिशेबात माझा पगार आणि मोटरसायकलचं पेट्रोलही वाचलं जातं. पहिल्यांदा वाचलं त्या दिवशी पाळकबाई घरी येऊन म्हणाल्या, "झालं, आता किराणावाला उधारी द्यायचा नाही."

"मिशनच्या काळातल्या कंपाउंडचा एक तुकडा विकायचा घाट विश्वस्तांपैकी दोघांनी घातलाय असं ऐकतो. पाळक म्हणतात, तो ट्रस्टचा विषय आहे, मंडळीचा नाही." — एक तरुण, धुळे

भाऊ, 'ऐकतो' हा शब्द आधी बाजूला ठेवा आणि विश्वस्तांना दोन ओळींचं पत्र द्या: अमुक जमिनीच्या विक्रीचा ठराव झाला आहे का, झाला असेल तर कोणत्या तारखेच्या सभेत? प्रतीवर पोच घ्या. बऱ्याचदा एवढ्यानंच घाट तरी मोडतो नाहीतर अफवा तरी.

जमीन ट्रस्टच्या नावावर असते हे तुमच्या पाळकांचं खरं आहे. पण ट्रस्ट आहे कोणासाठी? महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३६ प्रमाणे ट्रस्टची स्थावर मिळकत विकायला, अदलाबदल करायला किंवा बक्षीस द्यायला धर्मादाय आयुक्तांची आगाऊ मंजुरी लागते. भाड्यानं द्यायची तरी शेतजमीन दहा वर्षांहून जास्त आणि बिगरशेती जमीन किंवा इमारत तीन वर्षांहून जास्त मुदतीनं तशी देता येत नाही. तेव्हा दोघांनी चहाच्या टपरीवर विकली असं होत नाही. व्हायला पाहतं, पण टिकत नाही.

धर्मादाय कार्यालयातून 'शेड्यूल वन'चा उतारा काढा. ट्रस्टची मिळकत कोणती आणि विश्वस्त कोण, दोन्ही त्यात दिसतं. तयारी ठेवून जा: विश्वस्तांच्या यादीत कबरीत असलेली माणसं सापडण्याची शक्यता आहे. विश्वस्त बदलला की कलम २२ खाली ९० दिवसांत चेंज रिपोर्ट द्यायचा असतो, आणि तो राहून राहून वर्षानुवर्षं राहतो. मग नवे विश्वस्त मंडळीला ठाऊक, कागदाला ठाऊक नाहीत. जमिनीच्या भानगडी या फटीतून शिरतात. आपल्या भागात आणखी एक अडचण. १९०६ मध्ये खानदेशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, त्यामुळे जुन्या कागदांवर 'पश्चिम खानदेश' असेल, मग धुळे, आणि १ जुलै १९९८ नंतर आमच्याकडच्या तालुक्यांना नंदुरबार. फाइल सापडत नाही म्हणून कारकुनानं परत पाठवलं तर जुनं नाव सांगून पुन्हा विचारा.

पाड्यांवरच्या देवालयांचं प्रकरण निराळं. तिथं बहुतेक वेळा ट्रस्टची जमीनच नसते. एखाद्या भावानं आपल्या शेताचा कोपरा तोंडी दिलेला असतो. सातबारा अजून त्याच्याच नावावर. तो आदिवासी खातेदार असेल तर ती जमीन बिगरआदिवासीकडे जायला महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम ३६-अ खाली पूर्वमंजुरी लागते. आकडा तोच ३६, कायदा वेगळा. कचेरीत बोलताना गल्लत करू नका. अशा ठिकाणी भिंती उभ्या करण्याआधी वकिलाला विचारा. आणि तो भाऊ जिवंत असतानाच त्याच्या मुलांना मंडळीसमोर बसवून बापानं काय दिलंय ते लिहून घ्या.

तुमचे पाळक विश्वस्त नसतील, पण विश्वस्तांचं उत्तर रविवारी वाचून दाखवण्यापासून त्यांना कोणी अडवलेलं नाही.

"आमचे पाळकच अध्यक्ष, तेच खजिनदार, आणि सेक्रेटरी त्यांचा भाचा." — शिरपूर

दुसऱ्याच्या पाळकाचा निवाडा मी इथून करणार नाही. वार्षिक सभेत तपासलेल्या हिशेबाची प्रत मागा, लेखी. फक्त ती एकच गोष्ट मागा. दहा मागितल्या तर नऊंवर चर्चा होते. आणि पाळकांना भेटून निर्गम, अध्याय १८ ची आठवण द्या. सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्याय करत बसलेल्या मोशेला त्याचा सासरा इथ्रो म्हणाला होता, तू करतोस ते ठीक नाही, यानं तूही थकशील आणि लोकही. सासऱ्यानं सांगितलं आणि मोशेनं ऐकलं, हे दोन्ही त्या अध्यायात आहे.

"आमच्या मंडळीत एका तरुणाला प्रभुभोजनापासून (भाकर-द्राक्षरसाच्या विधीपासून) दूर ठेवलं. कारण कोणीच सांगत नाही. तुम्ही तर सगळं उघड करा म्हणता." — एक वाचक, जळगाव

सगळं उघड करा असं मी म्हणत नाही. पैसा, जमीन, नेमणुका आणि नियम हे सगळ्यांचं आहे, ते सगळ्यांना कळलं पाहिजे. एखाद्यानं पाळकाजवळ मन मोकळं केलं ते कोणाचंच नाही, कमिटीचंही नाही. मी ते सेक्रेटरीलासुद्धा सांगत नाही, आणि त्यावरून आमचं एकदा चांगलंच वाजलं होतं. त्याचं म्हणणं, इतिवृत्तात काय लिहू? मी म्हटलं, काही लिहू नकोस.

शिस्तीची बाब या दोन्हींच्या मध्ये पडते. मत्तय १८ मध्ये पायऱ्या दिल्यात: आधी एकट्यानं एकट्याशी बोलणं, मग एक-दोघांना बरोबर घेऊन, आणि तरीही ऐकलं नाही तरच मंडळीला. आपल्याकडे पहिली पायरी गाळून थेट तिसरी गाठतात, नाहीतर तिन्ही गाळून नुसता ठराव करतात. तेव्हा तुम्ही कारण विचारू नका. कारण तुम्हाला कळलं तर ते त्याच्या आईलाही दुसऱ्यांच्या तोंडून कळेल. विचारायचं ते हे: निर्णय कोणी घेतला, त्या तरुणाचं म्हणणं ऐकून घेतलं का, आणि पुन्हा विचार कधी होणार? याची उत्तरं फळ्यावर लावली तरी कोणाची अब्रू जात नाही. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'ठरलं नाही' असं आलं, तर मात्र कमिटीला बसवून तारीख घ्या. तारखेशिवायची शिस्त म्हणजे हाकलून देणं.

"दिवाळी झाली की आम्ही ऊसतोडीला बारडोलीकडे जातो. मंडळीची वार्षिक सभा जानेवारीत. आमच्या माघारी वडील निवडले जातात आणि परत आल्यावर आम्हाला कळतं." — एक भाऊ, तळोदा तालुका

भाऊ, मंडळीची घटना, म्हणजे नियमावली, काढून बघा. सभा जानेवारीतच घ्यावी असं बहुधा त्यात नसतं, ती नुसती वहिवाट असते. आमच्याकडेही नाताळाचा मांडव उतरला की लगेच सभा, अशी रीत होती. आम्ही ती मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात नेली. ३१ मार्चला बंद झालेला हिशेब तोवर तयार होतो, कोयते घरी आलेले असतात आणि पेरणी लागलेली नसते. लग्नसराईमुळे शनिवार नको, उन्हामुळे दुपार नको, म्हणून रविवारी सकाळी सातला.

नाताळाला तुम्ही मंडळी दोन दिवस का होईना घरी येता. वडील म्हणून कोणाची नावं सुचवायची ते त्या उपासनेत विचारून घ्यायला कमिटीला सांगा. नावं तेव्हाच फळ्यावर लागली की मे महिन्यात एखादं नाव आयत्या वेळी खिशातून निघत नाही. सभेला किमान हजेरी किती लागते ते घटनेत लिहिलेलं असतं. ती भरली नसताना झालेली निवड तुम्ही लेखी हरकत घेऊन अडवू शकता. आणि कमिटीत तोडीवर जाणारा एक तरी माणूस असू द्या. तो सहा महिने बैठकीला येणार नाही म्हणून कोणी नाक मुरडेल. त्याला बैठकीच्या रात्री फोन लावून स्पीकरवर ठेवता येतं, आम्ही ठेवतो. मुकादमाची हाक आली की तो मधेच उठतो, मग विषय पुढच्या बैठकीवर.

लग्नाच्या जाहीर घोषणेबद्दल साक्री आणि अमळनेरहून पत्रं आली आहेत. ती पुढच्या अंकात घेतो. ज्यांनी आपल्या कमिटीच्या इतिवृत्ताच्या झेरॉक्स पाठवल्यात, त्यांनी कृपा करून त्या आधी आपल्याच मंडळीच्या फळ्यावर लावाव्यात.